जत्रेसाठी आंब्याचा मावा : कृती, नोंद व चिठ्ठी

वैशाख संपत आला, म्हणजे कोकणातील बागायतदाराच्या पडवीत आंब्याची जी रास उरते ती बाजाराच्या कामाची नसते. पेटीत भरण्याजोगे फळ आधीच गेलेले असते. उरलेले डागी, लहान किंवा फार पिकलेले. रस डबाबंद करणारे कारखाने ते किलोवर नेतात आणि देतील तो भाव घ्यावा लागतो. यांतील काही भाग घरीच आटवून मावा करून ठेवला, तर कार्तिकापासून माघापर्यंत गावोगाव भरणाऱ्या जत्रांत तो बऱ्या दराने विकला जातो, हे आता पुष्कळांस ठाऊक झाले आहे. मावा आटविण्याची रीत येथील बायकांस चांगली येते. ती नव्याने शिकविण्याचा आव प्रस्तुत लेखकाने आणू नये हेच बरे. परंतु घरी खाण्यासाठी करणे आणि परक्यास विकण्यासाठी करणे यांत अंतर आहे. ते अंतर मुख्यतः बरणीवरील चिठ्ठीत, म्हणजे लेबलात, आहे. म्हणून येथे कृती सांगावयाची ती त्या चिठ्ठीच्या अनुरोधानेच.

चिठ्ठी हे छापखान्याचे काम आहे, असा आमचाही समज होता. तो कसा फिटला ते आधी सांगतो.

आम्ही प्रथम मावा विकावयास केला त्या वर्षी चार घाणे काढले. पहिले तीन हापुसाचे. चौथ्यास हापूस पुरेना, म्हणून परसातील रायवळ त्यात निम्मेशिम्मे मिसळले. चारही घाण्यांच्या मिळून बावन्न बरण्या भरल्या व सर्वांवर एकच चिठ्ठी चिकटविली : 'शुद्ध हापूस आंब्याचा मावा'. छापून आणलेल्या चिठ्ठ्या त्याच होत्या. मार्गशीर्षातील जत्रेत पस्तीस बरण्या खपल्या. आठवडाभरात शेजारच्या वाडीतील एक वृद्ध बाई आपली बरणी घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊनू, ह्यो हापूस न्हय. ह्यो रायवळ आसा. दातात रेशे गावतत." झाकण उघडून पाहिले, तो वर बारीक फेस आलेला व आंबूस वास. त्यानंतर आणखी चार बरण्या परत आल्या. आता प्रश्न असा पडला की, घरात शिल्लक असलेल्या सतरा बरण्यांपैकी चौथ्या घाण्याच्या कोणत्या? एकीवरही खूण नव्हती. ज्या गृहस्थाने पस्तीस वर्षे महसुली दफ्तरात एक कागद आवक क्रमांकावाचून पुढे सरकू दिला नाही, त्याच्याच घरच्या बरणीस क्रमांक नव्हता. सतराच्या सतरा बरण्या खड्ड्यात ओतल्या, गावातल्या गावात ज्यांना विकले होते त्यांस निरोप धाडून पैसे परत केले. मुंबईस गेलेल्या बरण्यांचे काय झाले ते कळले नाही. त्यांवर पत्ताही नव्हता, मग कळवावयाचे तरी त्यांनी कोणास?

नासण्याचे कारण मागाहून ध्यानात आले. रायवळ आंब्यास धागा फार. चाळणीतून काढला तरी बारीक धागा गरात राहतो व त्यामुळे तो लवकर घट्ट दिसू लागतो. आटला असे डोळ्यास वाटते, पण आत पाणी राहिलेले असते. शिवाय रायवळात गोडी बहुधा हापुसाहून कमी, म्हणजे तितक्याच वजनात साखरेचा अंश कमी. चिठ्ठीवरील खोटेपणा आणि बरणीतील नासाडी या दोन्हींचे मूळ एकच होते. काय घातले व किती आटविले याची नोंद ठेवली नव्हती.

फळ व गर.— मावा डागी फळाचा करता येतो, सडक्याचा नव्हे. पक्षी टोचलेले किंवा पडून फुटलेले फळ त्याच दिवशी वापरले तर चालते, दुसऱ्या दिवशी चालत नाही. पाऊस लागलेल्या आंब्यात फळमाशीची अळी असते. असे फळ कापून पाहिल्याखेरीज घेऊ नये. हापुसात साका निघतो. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा, बेचव भाग असतो तोच हा साका. तो कापून टाकावा. तो न शिजता गोळ्या होऊन राहतो व रंगही बिघडवितो. आंबे धुऊन, देठाकडील चीक काढून, सोलून गर काढावा व पुरणाच्या चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून गाळावा. गाळलेला गर तोलून त्याचे वजन लिहून ठेवावे. वहीतील पहिली नोंद ही : तारीख, फळाची जात, कोणाच्या बागेतील, गाळलेला गर किती.

आटविणे.— एका वेळी पाच किलोपेक्षा जास्त गर घेऊ नये. मोठ्या घाण्यास वेळ लागतो, आणि जितका वेळ जास्त तितका मावा काळवंडतो. पातेले पसरट, जाड बुडाचे व स्टेनलेस स्टीलचे असावे. पितळेचे घेणे झाल्यास कल्हई ताजी हवी. लोखंडाची कढई घेऊ नये, आंबटाने रंग व चव दोन्ही जातात. आधी नुसता गर मध्यम आंचेवर आटवावा. सुमारे तिसरा हिस्सा आटला म्हणजे साखर घालावी. पाच किलो गरास दीड किलो साखर पुरे. साखर आरंभीच घातल्यास बुडी लागण्याचे भय असते व रंगही लवकर गडद होतो. साखरेबरोबरच दहा ते पंधरा ग्रॅम सायट्रिक आम्ल थोड्या पाण्यात विरघळवून घालावे, किंवा आठ-दहा लिंबांचा रस गाळून घालावा.

हे आम्ल चवीसाठी घातले जाते असे पुष्कळजण समजतात. त्याचा उपयोग याहून मोठा आहे. आंबा पूर्ण पिकला म्हणजे त्याचा आंबटपणा उतरतो, आणि सामू ४.६ च्या जवळ किंवा वरही जाऊ शकतो. हवाबंद बरणीत वाढणारे व विष उत्पन्न करणारे जे जंतू आहेत, ते सामू ४.६ च्या खाली असताना वाढत नाहीत. म्हणून गोड आंब्याच्या माव्यात आम्ल न घालता झाकण लावणे धोक्याचे आहे. शिवाय आम्लामुळे साखरेचे खडे धरत नाहीत.

साखर पडल्यानंतर मावा उडू लागतो. हा चटका तेलाच्या चटक्याहून वाईट, कारण थेंब कातडीस चिकटून राहतो. लांब दांड्याचा लाकडी कालथा घ्यावा, हाताला फडके गुंडाळावे, मुलांस चुलीपासून दूर ठेवावे.

मावा झाला हे कशावरून ओळखावे? बशीत थेंब टाकून त्याच्याभोवती पाण्याचे कडे सुटते की नाही, ही जुनी परीक्षा आहे. ती खोटी नव्हे, परंतु रायवळात तिने आम्हांस फसविले. यासाठी आम्ही तराजू धरतो. रिकाम्या पातेल्याचे व कालथ्याचे वजन आधी करून ठेवावे. हापुसाच्या गरात विरघळलेली गोडी शेकडा सतराच्या सुमारास असते असे धरले, तर पाच किलोत ती ८५० ग्रॅम होते. त्यात दीड किलो साखर मिळविली म्हणजे २ किलो ३५० ग्रॅम. हा ऐवज आटविल्याने कमी होत नाही, कमी होते ते पाणी. सर्व मिळून वजन साडेतीन किलोवर आले, म्हणजे त्यात गोडीचा अंश शेकडा ६७ झाला. अशा माव्यात बुरशीस लागणारे मोकळे पाणी फारसे उरत नाही. रायवळाच्या गरात गोडी शेकडा चौदाच धरली, तर पाच किलोत ती ७०० ग्रॅम होते व साखरेसह २ किलो २०० ग्रॅम. साडेतीन किलोवर थांबल्यास अंश शेकडा ६३ सुद्धा भरत नाही. तो सव्वातीन किलोपर्यंत आणला पाहिजे. ज्यांस जमेल त्यांनी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. एक थेंब ठेवून तो अंश थेट वाचून दाखवितो, त्यामुळे आधी गराचा व शेवटी माव्याचा असे दोन्ही आकडे मिळतात, अंदाज करावा लागत नाही. ज्यांजवळ तो नाही त्यांनी तराजूवर लाकडी फळी ठेवून त्यावर कढते पातेले तोलावे व वजन वहीत लिहावे. ही दुसरी नोंद.

परदेशी पुस्तकांतून कृती घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. अमेरिकेत सफरचंदाचा गर मसाला घालून मंद आंचेवर आटवितात व त्यास 'ॲपल बटर' म्हणतात. नावात लोणी असले तरी त्यात लोणी नसते, लोण्यासारखे पावावर पसरते म्हणून ते नाव. तेथील नियमाने अशा 'फ्रूट बटर'मध्ये पाच भाग फळास दोन भाग गोडी असे प्रमाण असते आणि तयार मालात विरघळलेला घनांश शेकडा ४३ असला तरी चालतो. इतका पातळ माल बरणीचे झाकण पक्के आहे तोवर टिकतो. झाकण उघडल्यावर तो शीतकपाटातच राहिला पाहिजे. आपल्याकडे जत्रेतून घेतलेली बरणी फळीवर राहते हे धरून चालावे, व त्या प्रमाणाची नक्कल करू नये.

बरण्या.— काचेच्या बरण्या धुऊन पातेल्यात थंड पाण्यात ठेवाव्या व पाणी उकळू लागल्यापासून दहा मिनिटे उकळाव्या. झाकणे दरवर्षी नवी घ्यावी. जुन्या झाकणाच्या आतील रबरी थर दबलेला असतो, त्याने पक्के बसत नाही. काटकसर करावयाची तर ती अन्यत्र करावी. बरणी गरम व मावा कढत, निदान ८५ अंशांचा, असताना काठापासून अर्धा सेंटिमीटर जागा सोडून भरावा, काठ पुसावा, लगेच झाकण लावावे व बरणी दोनतीन मिनिटे उपडी ठेवावी. फरशीवर ठेवू नये, तडकते. लाकडी पाटावर किंवा घडी घातलेल्या फडक्यावर ठेवावी.

थंड झाल्यावर बरण्या ओल्या फडक्याने पुसून मगच चिठ्ठ्या लावाव्या. तोपर्यंत प्रत्येक बरणीच्या बुडास त्या त्या घाण्याचा क्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहावा. आम्ही वर्ष व घाणा असा क्रमांक घालतो. प्रत्येक घाण्यातील एक बरणी विकावयाची नाही. ती घरी राखीव ठेवून जत्रेच्या आधी आठ दिवस उघडावी, वास, रंग, चव पाहून वहीत शेरा लिहावा, आणि उघडलेलीच फळीवर तशीच राहू द्यावी. आठव्या दिवशी ती निर्दोष असेल तर तो घाणा जत्रेस न्यावा. आमचे पहिल्या वर्षाचे नुकसान एवढ्या एका बरणीने टळले असते.

चिठ्ठी.— चिठ्ठीचे स्वरूप आता आपल्या मर्जीवर राहिलेले नाही. पूर्वी फळांच्या मालास १९५५ चा फळ उत्पादन आदेश लागू असे. तो व १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा मागे पडून त्यांच्या जागी २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला. त्याप्रमाणे जत्रेत पाल घालून विकणाऱ्या लहान उत्पादकासही नोंदणी करावी लागते व मिळालेला चौदा अंकी क्रमांक चिठ्ठीवर घालावा लागतो. वजन व किंमत यांविषयीचे नियम निराळे, वजनमापाच्या कायद्याखालील आहेत. नोंदणीसाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जावे लागेल, तेव्हाच पोषणमूल्यांच्या तक्त्यासंबंधी आपणांस काय लागू आहे तेही विचारून घ्यावे.

चिठ्ठीवरील पहिली ओळ नावाची. येथे 'मावा' शब्दाचीच अडचण आहे. कोकणात आंब्याचा मावा म्हटले की सर्वांस समजते. घाटावरचा गिऱ्हाईक मावा म्हणजे खवा समजतो, व दूध घातलेला पदार्थ म्हणून चार दिवसांत संपवू पाहतो किंवा उपवासाचा हिशेब करतो. 'आंबा बटर' लिहिणे त्याहून वाईट. म्हणून नावाखालीच 'आंब्याचा रस साखर घालून आटविलेला; यात दूध किंवा खवा नाही' ही ओळ घालावी. 'जॅम' असे लिहावयाचे झाल्यास विरघळलेला घनांश शेकडा ६५ हून व फळाचा अंश शेकडा ४५ हून कमी असता कामा नये, असे मानक ठरलेले आहे. वरील प्रमाणाचा माल त्यात बसतो, तरी आम्हांस जुने नावच बरे वाटते.

'हापूस' हा शब्द मिश्र मालावर घालू नये. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापुसास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव अधिकृतपणे मिरवावयाचे तर बागायतदाराने त्याची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. रायवळाचा मावा रायवळ म्हणूनच विकावा. पहिल्या वर्षाच्या फजितीनंतर आम्ही तसे केले, आणि तो पडून राहील असे वाटले होते. परंतु रायवळाचा वास ज्यांच्या लहानपणाशी जडलेला आहे असे लोक मुंबईत पुष्कळ आहेत, व त्यांनी तीच बरणी मागून घेतली.

त्याखाली घटक, वजनाने जास्त असेल तो आधी या क्रमाने : आंब्याचा गर, साखर, आम्लता नियामक (३३०). केशरी रंग टाकून माल उजळ करण्याचा मोह जत्रेत फार होतो. टाकल्यास तो घटकांत लिहावा लागेल आणि मुळात टाकूच नये. मावा सहा महिन्यांत गडद होतो हा त्याचा स्वभाव आहे. बरण्या अंधारात ठेवल्या तर रंग बरा राहतो. मग शाकाहारी मालाची खूण, म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. निव्वळ वजन ग्रॅममध्ये लिहावे. यात एक चूक नेहमी होते. दुकानदार २०० मिलिलिटरची म्हणून बरणी देतो, आणि चिठ्ठीवर २०० ग्रॅम लिहिले जाते. मावा पाण्याहून जड असल्याने त्या बरणीत सुमारे २६० ग्रॅम बसतो. तेव्हा दरवेळी साठ ग्रॅम फुकट जातात. उलट काठापर्यंत न भरता २५० ग्रॅम लिहिले तर गिऱ्हाइकाची फसवणूक होते. रिकाम्या बरणीचे वजन वजा करून प्रत्येक बरणी तोलावी.

पुढे घाणा क्रमांक, तयार केल्याची तारीख, कोणत्या तारखेपर्यंत वापरावा ती तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, दर ग्रॅमची किंमत, करणाऱ्याचे नाव, पूर्ण पत्ता व तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक. वापरण्याची मुदत शेजाऱ्याच्या बरणीवरून उतरून घेऊ नये. राखीव बरण्यांवरील शेरे पाहून ठरवावी. आम्ही नऊ महिने लिहितो, कारण त्याहून अधिक काळ आम्ही स्वतः ठेवून पाहिलेले नाही. शेवटी 'उघडल्यावर थंड जागी ठेवावा, कोरडा चमचा वापरावा' एवढे पुरे. भाषेविषयी एक नियम मराठी मुलखात पुष्कळांस माहीत नसतो. चिठ्ठीवरील आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी त्याखेरीज खुशाल घालावी, आम्ही मोठ्या अक्षरांत मराठीच घालतो व आवश्यक मजकूर दुसऱ्या बाजूस हिंदीत देतो. आकडे मात्र १, २, ३ असे देवनागरी न घालता आंतरराष्ट्रीय वळणाचे घालावे, वजनमापाचा कायदा तेच रूप धरतो.

चिठ्ठीतील घाणा, तारीख व वजन यांच्या जागा छापखान्यातून कोऱ्या ठेवून आणाव्या आणि वहीत पाहून हाताने भराव्या. महसुली माणसास सातबाऱ्यावरील प्रत्येक नोंदीमागे फेरफाराचा क्रमांक असल्याची सवय असते. तसा चिठ्ठीवरील प्रत्येक आकड्यामागे वहीतील एक पान असावे. वही नसता भरलेली चिठ्ठी म्हणजे मोजणीशिवाय घातलेली हद्द. ती तंटा होईपर्यंतच टिकते.

किंमत ठरविताना फळ घरचे म्हणून फुकट धरू नये. कारखान्याने जो भाव दिला असता तो धरावा. साखर, सरपण किंवा गॅस, बरणी, झाकण, चिठ्ठी, जत्रेची जागा व गाडीभाडे मिळवावे. बायकांची मजुरी गावातील चालू दराने मांडावी. ही रक्कम बहुतेक घरांत हिशेबात येतच नाही, आणि मग धंदा नफ्याचा आहे असा भास होतो. पाच किलो गराच्या घाण्यातून २५० ग्रॅमच्या चौदा बरण्या निघावयास हव्या, प्रत्यक्षात पातेल्यास लागून तेराच निघतात. त्यांतली एक राखीव गेली. तेव्हा एकूण खर्चास बाराने भागावे, चौदाने नव्हे.

जत्रेत पाल घालताना दुपारचे ऊन कोणत्या बाजूने येईल ते आधी पाहून बरण्या सावलीत मांडाव्या. चवीसाठी उघडलेली बरणी वेगळी, तिच्यातून घेण्याचा चमचा वेगळा व देण्याचे चमचे वेगळे. एकच चमचा पन्नास तोंडांतून फिरताना आम्ही पाहिला आहे. कोणत्या घाण्याच्या किती बरण्या गेल्या ते त्याच रात्री वहीत उतरवावे, आणि दूरगावच्या गिऱ्हाइकाची हरकत नसेल तर घाणा क्रमांकासमोर त्याचा दूरध्वनी टिपून ठेवावा. परत आलेल्या बरण्या उरलेल्या मालात मिसळू नयेत. त्यांनी दिवसभर ऊन, धूळ व हात सोसलेले असतात. त्यांवर तशी खूण करून त्या घरखर्चास काढाव्या.